सतरा पावलं

झाकण बिडाचं होतं, ताटाएवढं,
वर झिजलेली अक्षरं, कुणी न वाचलेली.
पूर्व भागात सपाट जागा मिळायला नशीब लागतं
आणि हे तर दारातच.

आधी मी त्यावर धुण्याचा दगड ठेवला.
मग दगडाशेजारी पिंप,
कारण पाणी येतं पाचव्या दिवशी
आणि मधले चार दिवस पिंपानंच काढायचे असतात.
मग पिंपाला टेकून जावयाची मोटारसायकल.
मग डांबर आलं महापालिकेचं,
तेही दगडाला वळसा घालून
अर्धं झाकण गिळून गेलं.

कुणी काही विचारलं नाही म्हणाले असते,
पण खोटं कशाला?
सायबण्णा चावीवाला विचारायचा.
खांद्यावर लांब दांड्याची चावी,
पाणी सोडायला आला की उभा राहायचा दारात :
"रत्नम्मा, खाली बंबाचं पाणी आहे. पसारा काढ."
"काढायचा पगार देतोस?"
तो हसायचा. मी पानं कापत राहायचे.
हजार विड्या व्हायच्या होत्या संध्याकाळपर्यंत.

सायबण्णा रिटायर झाला. नवा पोरगा आला,
तो फोनमध्ये बघत चावी फिरवतो.

मे महिना. भिंतीला हात लावला तर चटका.
सामलांकडे खाली चार माग, वर माणसं,
आणि मधे जिन्याखाली टॉवेलांचे गठ्ठे.
मोटरीतून ठिणगी उडाली म्हणे.
कापसाची धूळ ती, तिला निमित्तच हवं असतं.

बंब बोळाच्या तोंडाशी अडला.
पाइप ओढत आणला पोरांनी,
पाणी जोरात आलं, मग बारीक,
मग पाइप रस्त्यावर चपटा पडला.
मिशी न फुटलेला एक जवान कागद उलगडून ओरडत होता,
"इथं ठिपका आहे! नकाशात ठिपका आहे! कुठंय तो?"

मी ठिपक्यावर उभी होते.

जीभ हलली नाही माझी. का, ते आजही सांगता येत नाही.
लाज होती की भीती,
की पिंपातलं पाणी, तिसऱ्या दिवसाचं, अर्धं उरलेलं?

सायबण्णाला कुणीतरी हाताला धरून आणलं.
मोतीबिंदूचे डोळे. मारुतीच्या पायरीला पाठ लावली त्यानं
आणि चालायला लागला, तोंडानं मोजत.
धुरातून, पाइपावरून, माणसांतून,
सोळा, सतरा,
आणि माझ्यासमोर थांबला.
"सरक," म्हणाला. बस, एवढंच.

पिंप लवंडलं. मोटारसायकल ढकलली.
डांबर पहारीनं फोडलं.
अकरा मिनिटं गेली, नंतर कुणीतरी हिशेब केला.
त्या अकरा मिनिटांत सामलांची अंजना
घागरी ओतत होती जिन्यावर,
कारण वर तिचा सासरा होता.

सासरा वाचला.
अंजनाचा उजवा हात आता गाठ मारत नाही.
तुटलेला धागा ती दुसऱ्याला दाखवते, बोटानं, डाव्या.

मला कुणी बोललं नाही.
सामलांकडून संक्रांतीला पोळ्या आल्या, दरवर्षीसारख्या.
अंजनानं डाव्या हातानं वाढल्या.
त्या घशाखाली उतरवायला मला दोन तांबे पाणी लागलं.

आता झाकणाभोवती मी चुन्याचं रिंगण काढते.
विड्यांचं सूप घेऊन शेजारीच बसते.
टेम्पोवाला येतो, "दोनच मिनिटं, अम्मा."
मी तेलुगूत सुरू होते, मराठीत इतक्या शिव्या नाहीत मला येत.
जावयानं गाडी चौकात लावायला घेतली,
मुलीशी दोन महिने माझ्यावरून भांडला.

बोळातली पोरं मारुतीच्या पायरीपासून मोजतात.
खेळ आहे त्यांना. त्यांची पावलं लहान,
त्यांचे सव्वीस होतात, कुणाचे तीस.
मी म्हणते, तुमचा आकडा तुम्ही पाठ करा.

दगड आत मोरीत नेलाय.
तिथं उजेड कमी. कपडे नीट निघत नाहीत.